माझ्या वहीतली गोळीवाली

मी टपाल वाटते. चौदा वर्षं झाली, बीट एकच. बीट म्हणजे रोज ज्या गल्ल्यांतून फिरायचं तो ठरलेला भाग. नागपुरातल्या कोणत्या पोस्टात आहे ते सांगत नाही. आमच्याकडे नाव निघालं की चौकशी निघते, आणि चौकशी नेहमी खालच्या माणसाचीच होते. एवढंच सांगते की माझ्या बीटच्या मधून एक नाला जातो, आणि तो नाला आहे हे पूर आला त्या वर्षीपर्यंत बऱ्याच लोकांना माहीतच नव्हतं.

माझा राग नाकावर असतो. सासू म्हणते, हिच्या हातात टपाल दिलं म्हणून बरं, लाटणं दिलं असतं तर घर फोडलं असतं. असू दे. या गोष्टीत मी ज्यांच्यावर चिडले त्यातल्या निम्म्यांवर अजून चिडलेलीच आहे. एकीवर तर जरा जास्तच.

आधी माझ्या वहीबद्दल सांगायला हवं. माझ्या वस्तीतल्या घरांना तीन-तीन नंबर आहेत. एक जुना, एक प्लॉटचा, एक महानगरपालिकेने मध्येच कधीतरी रंगवून ठेवलेला. पत्र पाठवणारा यातला कोणता लिहील याचा नेम नाही. त्यामुळे सकाळी टपाल लावताना मी नंबर बघतच नाही. माझ्या पायांना जे घर जसं लागतं त्या क्रमाने पत्रं लावते, आणि अडलं तर माझी वही बघते. वहीत घरांना मी ठेवलेली नावं आहेत. कडुनिंब. चावरा कुत्रा. चावरा कुत्रा दोन. हिरवं गेट. मिशी. भांडकुदळ. एका घराचं नाव नुसतं ‘पाणी विचारतात’ असं आहे.

ही वही दुसऱ्या कोणाला वाचता येत नाही याचा मला अभिमान होता. मी रजेवरून परत आले की पोस्टात चहा पिता पिता हमखास म्हणायची, ‘माझी बीट कोणाले जमत नाही.’ लोक हसायचे. मलाही ते फार आवडायचं.

या वहीत एक होती गोळीवाली. वय पन्नाशीच्या पुढे, आधी बालवाडीत शिकवायची, आता तळमजल्याच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. तिला रक्ताचा कॅन्सर होता. मुंबईच्या एका दवाखान्यातून दर महिन्याला तिच्या गोळ्यांचं पाकीट टपालाने यायचं. रोज एक गोळी, खाडा चालायचा नाही. बाहेर घ्यायची म्हटली तर तिला परवडणारी नव्हती, दवाखान्याच्या योजनेतून मिळत होती. दिसायला ती अगदी धडधाकट होती. रोज अकराच्या सुमारास गेटवर उभी राहून विचारायची, ‘काही आहे का वं माझं?’ महिन्यातले एकोणतीस दिवस मी ‘नाही’ म्हणायची आणि एक दिवस ‘आहे’. त्या ‘आहे’च्या दिवशी ती मला दारातून हलू द्यायची नाही. चिवडा खा, पाणी पी, उन्हात काहून धावून राहिली.

मग त्या पावसाळ्यात एका शनिवारी पहाटे पाणी आलं. लोक म्हणतात नाला आला. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. नाला कुठून येणार? तो तिथंच होता. त्याच्यावर स्लॅब टाकून गाड्या उभ्या करायची जागा केली, त्याला खेटून भिंती बांधल्या, वरून बाकडी बसवून उद्घाटनाच्या पाट्या लावल्या. पाण्याने फक्त आपली जागा परत मागितली, आणि मागितली ती तळमजल्यावरच्या लोकांकडून. पाट्यांवर ज्यांची नावं होती त्यांच्या घरात एक थेंब गेला नाही.

सोमवारी पोस्ट उघडलं. आमचे पोस्टमास्तर म्हणाले, ‘मॅडम, तुमच्या भागात आज जाऊ नका, चिखल आहे.’ मी म्हटलं, ‘सर, चिखल आहे म्हणूनच जाते.’ टपाल दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलं आणि निघाले.

पत्र कोणाला हवं होतं त्या दिवशी? कोणालाच नाही. पण मी गल्लीत शिरले आणि लोक बाहेर आले. रोजची बाई रोजच्या वेळेला आली एवढंच त्यांना पुरलं. एकीने तर माझा हातच धरला आणि म्हणाली, ‘आली का तू? म्हणजे आता सगळं सुरू होईन.’ तिच्या मागे गाद्यांचा ढीग होता आणि सडलेल्या गव्हाचा वास येत होता. कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून कागद वाळत घातलेले होते. दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, लग्नाचे फोटो, घराची विक्रीपत्रं. शाई उतरून खाली टपकत होती.

त्याच गल्लीत एक साहेब पॅड घेऊन नुकसानीच्या नोंदी करत होता. पायात नवे कोरे गमबूट, मागे फोटो काढणारा. ‘चावरा कुत्रा’ घरच्या म्हाताऱ्याला त्याने विचारलं, इथं राहत असल्याचा पुरावा काय? म्हातारा कमरेइतक्या चिखलाच्या खुणा असलेल्या आपल्या भिंतीसमोर उभा होता. त्याने शांतपणे दोरीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, ‘ते वाळून राहिलं साहेब. वाळलं की देतो.’ साहेबाने ‘कागदपत्र नाही’ असं लिहिलं. मी मध्ये बोलले. म्हटलं, चौदा वर्षांपासून याला मी टपाल देते, माझी सही घ्या. तो म्हणाला, ‘तुमचा काय संबंध?’

माझा काय संबंध.

सोमवार आणि मंगळवार, दोन दिवस लोक घरं सोडून जात होते. कोणी भावाकडे, कोणी मुलीच्या सासरी, कोणी हिंगण्याला कंपनीतल्या सोबत्याच्या खोलीवर. जाताना बहुतेकांनी पत्ता दिला तो मला. महानगरपालिकेला नाही, पोलिसांना नाही. ‘बाई, लिहून घ्या, आमचं काही आलं तर तिकडे पाठवा.’ मी वहीची मागची पानं उघडली आणि गुडघ्यावर ठेवून लिहीत गेले. कडुनिंब, हिंगणा, जावयाकडे. मिशी, गावी, दिवाळीनंतर येतील. मंगळवारी दुपारपर्यंत अडीच पानं भरली.

गोळीवाली तेव्हाच निघत होती. ऑटोत एक पोतं आणि ती. कपाट आडवं पडलं होतं, गोळ्यांचा डबा पाण्यात गेला होता. पर्समधल्या पाकिटात तेवढ्या चार गोळ्या उरल्या होत्या.

‘पार्सल येईन दोन-चार दिवसात,’ ती म्हणाली. ‘मी बेसाले जाऊन राहिली, बहिणीकडे. पाण्याच्या टाकीच्या मागं, पिवळं घर.’

‘बहिणीचा नंबर?’

‘फोनमध्ये होता. फोनच बुडला.’ मग ऑटो सुरू झाल्यावर वाकून म्हणाली, ‘मी कोणालेच नाही सांगितलं वं. तुलेच सांगून राहिली.’

मी लिहिलं, गोळीवाली, बेसा, बहीण, टाकीमागे पिवळं. आणि म्हटलं, आलं की स्वतः आणून देते.

त्याच संध्याकाळी माझ्या घराच्या स्वयंपाकघराची भिंत बसली. मीही त्याच नाल्याच्या काठी राहते, फक्त बरीच खाली. दोन दिवस दुसऱ्यांचे पत्ते लिहीत फिरले आणि स्वतःची ओली भिंत बघायला वेळ झाला नाही. सासूला नणंदेकडे पोचवलं, भांडी विटांखालून काढली, छतावर ताडपत्री बांधली. तीन दिवस रजा टाकावी लागली. माझ्या जागी सदर भागातल्या पोस्टातून एका काकांना पाठवलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस, शांत. मी शेजारणीच्या फोनवरून त्यांना सांगितलं, ‘वही टेबलावर आहे काका. त्यात सगळं आहे.’

शनिवारी मी कामावर आले तर माझं टेबल चकचकीत रिकामं. पूर आलेल्या वस्तीचं टपाल आणि टेबल रिकामं? मी परतीची यादी मागितली. सतरा नोंदी होत्या. सतराच्या सतरा पुढे शेरा एकच, ‘घर बंद, पत्ता न देता गेले’. नववी नोंद गोळ्यांच्या पाकिटाची. गुरुवारी आलं, गुरुवारीच परत मुंबईला रवाना.

मी पोस्टमास्तरांच्या टेबलावर यादी आपटली. म्हटलं, घर बंद असलं तर सात दिवस ठेवायचं असतं, हे मला तुम्हीच शिकवलं होतं. ते खाली बघत म्हणाले, ‘वरून सांगितलं आहे, पूरग्रस्त भागाचं पेंडिंग शून्य दिसलं पाहिजे.’ शून्य दिसलं पाहिजे. वस्तीत एक घर धड नाही, आणि यांच्या पडद्यावर शून्य. मग ते म्हणाले, ‘आणि मॅडम, या लोकांनी पत्ता बदलाचा फॉर्म भरला होता का?’ त्या फॉर्मला ओळखीचा पुरावा लागतो. पुरावा दोरीवर वाळत होता. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग मी काम सोपवायला आलेल्या काकांकडे वळले. ‘काहून वापस केलं काका? वहीत लिहिलं होतं न मी.’

काका उठले. माझी वही त्यांनी वर्तमानपत्राचं कव्हर घालून जपून ठेवली होती. ती उघडून माझ्यासमोर धरली. ‘तीन वेळा वाचली बाई. घरीबी घेऊन गेलो होतो. पाकिटावर बाईचं नाव होतं, प्लॉट नंबर होता. तुमच्या वहीत ना नाव ना नंबर. त्या घरी जाऊन आलो, कुलूप. आजूबाजूले कोणी नाही. हे गोळीवाली म्हणजे कोण, हे मले कोण सांगन?’ मग अगदी हळू म्हणाले, ‘तुमच्या वहीत माणसं कमी अन् कुत्रे जास्त हायेत.’

एरवी मी हसले असते. त्या दिवशी मी वही घेऊन ते पान स्वतः वाचलं. पाकिटावर औषधाचा शिक्का असतो का? नसतो, साधं खाकी पाकीट असतं. काकांची चूक शोधायचा मी खूप प्रयत्न केला. मला ती हवी होती. सापडली नाही.

माझी बीट कोणाला जमत नाही, हे मी चौदा वर्षं मिरवलं होतं. खरंच जमली नाही.

यादीवरच्या पत्त्यावरून मुंबईच्या त्या दवाखान्याचा फोन नंबर शोधून काढला आणि पोस्टातल्या फोनवरून दुपारभर लावत राहिले. शेवटी एक बाई बोलली. म्हणाली, पाकीट परत आलं की बघू, पेशंटला नवीन फॉर्म पाठवायला सांगा. मी म्हटलं, पेशंटच्या गोळ्या काल संपल्या. ती म्हणाली, सोमवारी डॉक्टर येतील. मी ओरडले, विनवलं, परत ओरडले. अखेर ती कबूल झाली की दुसरं पाकीट आमच्या पोस्टाच्या पत्त्यावर पाठवतील आणि ते आम्ही पोस्टात राखून ठेवू.

रविवारी मी बेसाला गेले. टाकीमागचं पिवळं घर. तिथं गेल्यावर कळलं की बेसात टाक्या एकाहून जास्त आहेत आणि नवीन घरांपैकी निम्मी पिवळी आहेत. दोन तास दारं ठोठावत फिरले तेव्हा ती सापडली. मला बघून तिचा चेहरा फुलला. ‘मले माहीत होतं तू येशीन,’ म्हणाली, आणि बहिणीला हाक मारली, ‘अवं, पाणी आण, आमची पोस्टवाली आली.’

तिथं मी खोटं बोलले. म्हटलं, पोस्टात पाणी शिरलं होतं, त्यामुळे पाकीट अडकलं आहे, दोन दिवसांत येईल. पाकीट परत गेलं हे माझ्या तोंडून निघालंच नाही. ती म्हणाली, ‘येईन मग. तू असल्यावर काय चिंता.’ तिच्या बहिणीचा जावई तिथंच बसला होता. तो म्हणाला, इथल्या मोठ्या दवाखान्यात विचारून बघतो, तिथं काही दिवसांपुरत्या मिळतात का. तिने त्याला हाताने थांबवलं. ‘काहून धावतो गा? दोन दिवसात येऊन राहिलं न.’ मी पाण्याच्या पेल्याला हात न लावता उठले.

दोन दिवसांत आलं नाही. डॉक्टर, फॉर्म, मध्ये एक सुट्टी. आलं ते बाराव्या दिवशी, बुधवारी. मी माझी बीट उरकली आणि तसंच स्कूटीवरून बेसा गाठलं. वाटपाची नोंद करायचं यंत्र आपण कुठं उभे आहोत तेही नोंदवतं, त्यामुळे मी बेसात उभी होते हे वर दिसलं. मला मेमो आला. कार्यक्षेत्राबाहेर जाऊन टपाल वाटल्याबद्दल खुलासा सादर करावा. पाकीट सात दिवस न ठेवल्याबद्दल कोणालाही मेमो आला नाही.

गंमत पुढे आहे. पुढचे चार-पाच महिने माझी पिशवी फाटेस्तोवर भरत होती. नवीन आधार कार्डं, दुय्यम गुणपत्रिका, जातीचे दाखले, विम्याचे कागद, बँकेची पुस्तकं. जे दोरीवर विरघळलं होतं ते सगळं टपालाने परत येत होतं, आणि एकेक घर दारात येऊन सही करून घेत होतं. म्हाताऱ्याचा राहण्याचा पुरावाही मीच नेऊन दिला. त्याने तो उलटसुलट बघितला आणि मला म्हणाला, ‘आता मी इथं राहतो का बाई?’ तेव्हा वरच्या लोकांना वाटलं, पूरकाळातल्या सेवेबद्दल आमचा सत्कार करावा. शाल, नारळ, फोटो. ज्याने मेमोवर सही केली होती त्यानेच प्रशस्तिपत्रावर सही केली, एकाच निळ्या शाईने. गोळीवाली बहिणीला घेऊन सत्काराला आली होती. पहिल्या रांगेत बसून तिने सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या. मला शाल अंगावरून फेकून द्यावीशी वाटली. दिली नाही, घडी करून घरी आणली.

दिवाळीनंतर ती आपल्या घरी परत आली. भिंती घासल्या, रंग दिला. परत गेटवर उभी राहायला लागली. ‘काही आहे का वं माझं?’

मग एके दिवशी तिने विचारलं नाही. मी थांबले. ती म्हणाली, रक्ताचा रिपोर्ट बिघडला आहे. ती गोळी आता काम करत नाही, डॉक्टरांनी बंद केली. नवीन औषध टपालाने येत नाही, त्यासाठी दर थोड्या दिवसांनी मुंबईलाच जावं लागणार. मी विचारलं, त्या बारा दिवसांमुळे? ती म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलं की खंडामुळे झालं असेल, किंवा एरवीही झालं असतं, सांगता येत नाही.

सांगता येत नाही. एखाद्यावर नीट चिडताही येऊ नये असं हे उत्तर आहे.

मी गेटमध्येच तिला सगळं सांगितलं. परत गेलेलं पाकीट, वही, कुत्रे, बेसातलं खोटं. माझं ऐकून तिने जावयाला थांबवलं नसतं तर कदाचित गोळ्या मिळाल्या असत्या, तेही. खाली बघून बोलत होते.

‘मले माहीत होतं,’ ती म्हणाली. ‘काही झालं हे माहीत होतं. तू त्या दिवशी पाणी नाही घेतलं. तू कधी पाणी नाही म्हणत नाही.’

मी म्हटलं, मग बोलली काहून नाही?

‘काय बोलू? तू तर दोन तास फिरून आली होती.’ मग तिचा आवाज चढला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. ‘पण राग आला मले. अजून आहे. गोळी गेली त्याचा नाही. मी तुले सांगून गेली अन् तू लिहिलं कोण? गोळीवाली. मी बावीस वर्षं पोरं शिकवली या वस्तीत. शंभर पोरांची नावं मले पाठ आहेत अजून.’ तिने हात पुढे केला. ‘वही दे.’

मी वही दिली. तिने ते पान शोधून काढलं, चष्मा लावून वाचलं आणि तशीच माझ्या हातात परत ठेवली.

‘आता गोळीबी नाही येत. आता काय म्हणशीन मले? नाव लिही वं माझं.’

मी तिथंच गेटवर वही ठेवून लिहिलं. अक्षर वाकडं आलं तर तिने खोडायला लावलं आणि परत लिहून घेतलं. त्या रात्रीपासून आठवडाभर बसून मी अख्खी वही नव्याने उतरवली, नाव आणि तिन्ही नंबर, प्रत्येक घराचे, आणि टपाल लावायच्या टेबलाशेजारी खिळ्याला टांगली. तिचं नाव पहिल्या पानावर आहे. इथे ते लिहीत नाही, कारण तिने ते वहीसाठी सांगितलं होतं. महिन्यातले तीसही दिवस आता तिचं काही येत नाही, तरी अकराला मी तिच्या गेटशी थांबते आणि ती दिसली की नावाने हाक मारते. मुंबईला गेलेली असली की कुलूप दिसतं. मग मी पुढच्या घरी जाते.